नानांचा कान

नानांनी टोपी काढली, गळ्यातली तुळशीची माळ सावरली आणि लाकडी पिंपाला कान लावला. दिंडोरीजवळच्या त्या घरच्या द्राक्षमळ्यात रिवाजच होता: वाइनचा थेंबही न चाखलेल्या या माळकरी मालकानं ‘आतली कुजबुज थांबली’ म्हटल्याशिवाय बाटल्या भरायच्या नाहीत.

“झोपली बघा! भरा बाटल्या,” नाना म्हणाले.

सूनबाईला शंका आली. सकाळीच ट्रॅक्टरनं पाठीशी भोंगा वाजवला, तरी नाना वळले नव्हते. तिनं हळूच कान लावला. आतली वाइन आमटीसारखी खदखदत होती. आता भरली, तर आतल्या वायूनं एकेक बाटली फुटणार. आणि चारचौघांत बोललं, तर नानांचा मान जाणार.

“नाना,” ती त्यांच्या कानाशी ओरडली, “सोंग घेतलंय तिनं! तुमची माळ बघून लाजते.”

“इतकी वर्षं बरी नाही लाजली!” नाना मिस्कील हसले आणि आपली टोपी त्यांनी सुनेच्या डोक्यावर ठेवली. “कान गेलेत माझे, पोरी, अक्कल नाही. आता तूच ऐकत जा.”

तेवढ्यात पिंपानं असा काही ढेकर दिला, की म्हणे, नानांनीसुद्धा वळून पाहिलं.