चौसष्ट रिकामी घरं

"माझी घरं कुठे गेली?" आईने विचारलं.

पडदा उघडायला वीस मिनिटं होती. मोठ्या ड्रमपाशी उभी राहून ती लेकाने छापून आणलेलं सुरावटींचं नवंकोरं पुस्तक उलटंपालटं करत होती. गेलेल्या नवऱ्याने बांधलेली चाल. तीत तिचा ठोका एकच, शेवटाकडे. त्याआधी चौसष्ट घरं गप्प राहायचं. चार मात्रांचं एक घर. नवऱ्याने ती सगळी वहीत पट्टीने आखून दिली होती, रिकामीच. डाव्या हाताचं बोट घराघरातून चालवायचं, उजव्या हातात टिपरू धरायचं. तीस वर्षांत ठोका चुकला नव्हता.

"गेली नाहीत गं. मी कॉम्प्युटरला एकदाच सांगून ठेवलंय. बासरीवाल्यांची प्रत मोठ्या टायपात, ऐकायला येणाऱ्यांना वाटायची बारीक, आणि जिथे वाजवायचं नाही तिथली जागा आवळून घ्यायची. हे बघ." एक जाड आडवी रेघ, तिच्यावर ६४. "सगळ्या पुस्तकात मिळून अकरा पानं वाचली."

"वाचली म्हणे! ते वाजवतात ते काम, आणि मी थांबते तो रिकामटेकडेपणा होय रे?"

"मनात मोज ना. एक ते चौसष्ट."

"मात्रा मोजू की घरं मोजू? तोंड एकच आहे मला. बाबांची वही आण."

लेक पुस्तकाचा लाकडी स्टँड सरळ करू लागला.

"वही कुठंय?"

"सगळं कॉम्प्युटरात उतरवून झालं, म्हणून... रद्दीत गेली." तो घाईघाईने म्हणाला, "कॉम्प्युटरला सांगितलेली ती एक ओळ खोडली की घरं परत येतात, आई. पण आता छापणार कुठे? समोर उभं राहून ताल देणाऱ्या मास्तरांना खूण करायला सांगू?"

"त्यांचं लक्ष बासऱ्यांवर. आणि तुझे बाबा गेले म्हणून आता मी दुसऱ्याच्या खुणेवर वाजवू?"

"मग मी हॉलच्या मागून हात करतो."

"त्या दिव्यांपलीकडे देव उभा राहिला तरी मला दिसायचा नाही. पेन्सिल दे."

पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर ती घरं आखू लागली. पट्टी नव्हती. पहिली सरळ आली, पुढची तिरकी. एक्केचाळीस झाली आणि घंटा वाजली.

"पळ आता," ती म्हणाली. "आणि तोंड पाडून उभा राहू नकोस तिथे."

लेक हॉलच्या मागच्या दाराशी उभा राहिला. तिचं मौन सुरू झालं तसा तोही मोजू लागला. लांबून बोट दिसत नव्हतं, कोपर सरकताना दिसत होतं. चाळीस. एक्केचाळीस. कोपर थांबलं. मग पुन्हा सरकलं, कागद सोडून स्टँडच्या लाकडावर, आणि लाकूडही संपलं.

त्रेसष्टला त्याने अंधारात दोन्ही हात उंच केले. ती दिव्यांकडे बघत होती, टिपरू उगारून.

चौसष्ट. पासष्ट गेलं. टिपरू तसंच वर होतं.