एकाच गोतातले

श्रीरामपूरच्या कोर्टात दार लावून सुनावणी चालली होती. सत्यशीला नवऱ्याकडे पाठ करून बसली होती. कल्याणने एचआयव्ही बाहेरून आणला आणि ठाऊक असून आपल्याला लावला, ही तिची फिर्याद. गुन्हा शाबीत झाला की तो तुरुंगात जाणार आणि गावात ती मान वर करून चालणार. तिला तेवढंच हवं होतं.

साक्षीला प्रयोगशाळेतल्या डॉक्टर मॅडम उभ्या होत्या. दोघांच्या रक्तातल्या विषाणूंची जनुकं त्यांनी ताडून पाहिली होती.

"दोन्ही विषाणू एकाच गोतातले आहेत," त्या म्हणाल्या.

सत्यशीलाला हायसं वाटलं. सरकारी वकिलांनी तर मिशीला पीळ द्यायचाच काय तो बाकी ठेवला.

"पण कुणाकडून कुणाकडे गेला, हे यावरून सांगता येत नाही," मॅडम पुढे म्हणाल्या. "आणि ताडून बघायला यांच्या ऊसतोड टोळीतल्या आणखी बाधितांचं रक्त घेतलं होतं. त्यातल्या तिघांचा विषाणूही याच गोतातला निघाला."

त्या तिघांतली लंकाबाई साक्षीसाठी मागेच बसली होती. साठी उलटलेली विधवा. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

कल्याण ताडकन उठला. "आता म्हातारीला बी मीच लावला का? चुलती हाय ती माझी!"

न्यायाधीशांनी त्याला खाली बसवलं. लंकाबाई उभी राहिली. "सायेब, धनी जाऊन लई वर्सं झाली. कुनाचं बोट लागू दिलं न्हाई मी अंगाला."

मग मॅडमच हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, टोळीत कुणी सुई टोचायचं का? इंजेक्शन?"

सत्यशीला जागेवरून अर्धी उठली. लग्नाआधी ती पाथर्डीला एका डॉक्टरकडे झाडलोट करायची. तिथं बघून बघून सुई टोचायला शिकली होती. फडावर ताप भरला तरी खाडा करायची सोय नसते, मग सगळे तिच्याच खोपीवर यायचे. सुई एकच होती. सत्यशीला लंकाबाईकडे बघून मान हलवू लागली, नको, नको. पण म्हातारीला तिकडे बघायचं भान नव्हतं. सुनेबद्दल चार शब्द चांगले बोलायला मिळतायत, एवढंच तिला कळलं होतं.

"व्हय तर! ही सत्यशीलाच द्यायची आमाला सगळ्यांना. दर टायमाला सुई ऊन पान्यात बुचकळून घ्यायची, लई सोवळ्याची पोर. अन् हात असा हलका सायेब, टोचल्यालं कळायचं बी न्हाई."