होडीतला केस

"इथे केस आहे," अध्यक्ष म्हणाला.

उस्तादचं हसू जागच्या जागी वाळलं. बोट क्लबच्या या अध्यक्षाची जुनी फायबरची कयाक उस्तादच्या होड्यांच्या कारखान्यात दोन स्टँडवर आरशासारखी चमकत होती. अंगावर काळ्या कार्बनच्या कापडाचा नवाकोरा थर. आत्ताच उस्ताद व्हिडिओसाठी मोबाइलसमोर हात नाचवत बोलला होता, "साहेब, मशीनचं काम नाही हे. एकेक कापड या दोन हातांनी बसवलंय!"

ते दोन हात एकदा बघाच. लोण्याचा गोळा. कापड ज्याने चिकटतं त्या रेझिनचा एका नखात डाग सापडला तर शपथ. रेझिनचा नुसता वास आला तरी उस्तादच्या अंगावर पित्त उठतं. व्हिडिओपुरता तो ब्रश धरतो, आणि तोही कोरडा.

कापड बसवते ती त्याची थोरली बहीण. टोपी कानापर्यंत ओढून, दिवसभर होडीवर वाकून. कापड अंथरायचं, रेझिन पाजायचं, रोलर फिरवून हवा काढायची. एक बुडबुडा राहिला की सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून. आत्ताही ती कोपऱ्यात दुसऱ्या होडीला पॉलिशपेपर मारत होती. गिऱ्हाईक आलं की ती झाडूवाली होते, हे उस्तादने परस्पर ठरवून टाकलेलं.

दारावरच्या पाटीवर नाव एकट्या उस्तादचं. पाटी रंगत होती तेव्हा ती म्हणाली होती, "माझंही घाल की रे."

"ताई, जागा कुठंय पाटीवर?"

पाटी दारापेक्षा रुंद आहे. अर्ध्या पाटीवर त्याचा फोटो आहे.

अध्यक्षाने नखाने खरवडून पाहिलं. केस हलेना. लांबलचक, पांढराशुभ्र, सीटच्या उजव्या अंगाला. काळ्या विणीवर पडलेला आणि वरून काचेसारखा थर.

"कुत्र्याचा असेल," उस्ताद म्हणाला.

"कुत्रा कुठाय?"

"मेला."

"एवढे लांब केस होते त्याला?"

उस्तादने घाम पुसायला डोक्यावरून हात फिरवला. टकलात ट्यूबलाइट दिसत होती, केस एकही नाही. अध्यक्षानेही तिकडेच पाहिलं.

क्लबच्या आणखी बारा होड्यांचं काम आज ठरणार होतं. ते हातचं जाताना दिसलं तशी उस्तादला बहीण आठवली. "ताई! टोपी नीट घाल म्हणून किती वेळा सांगायचं तुला? एवढ्या चांगल्या कामाची माती केलीस! माफ करा हां साहेब, ही झाडायला येते इथे."

"झाडायला येणारीला ताई म्हणता?" अध्यक्षाने विचारलं.

तिने पॉलिशपेपर खाली ठेवला. टोपी काढली. पांढरी वेणी कमरेपर्यंत उतरली.

"तो पडलेला नाही," ती म्हणाली. "ठेवलाय. बोटाने सरळ केला, मग वरून शेवटचा हात दिला. इथून गेलेल्या एकूण एक होडीत आहे. सीटच्या उजवीकडे."

अध्यक्षाचे डोळे विस्फारले. "माझ्या पहिल्या कयाकमध्येही? अहो बाई, त्या केसापायी माझी बायको महिनाभर बोलली नाही माझ्याशी!"

"घेऊन या त्यांना. वेणी दाखवते."

अध्यक्ष पोट धरून हसला. मग डोळे पुसत त्याने उस्तादकडे पाठ केली. "बरं, बारा होड्यांचं तुमच्याशीच बोलतो, ताई. केसासकट हव्यात."

उस्ताद लालबुंद झाला. या वेळी कारण रेझिनचा वास नव्हतं. "ताई, असले धंदे करायच्या आधी मला विचारायचंस तरी!"

"विचारलं होतं की. पाटीवर जागा नाही म्हणालास, मग मी होडीत शोधली."