खांबावरचा लाल हातमोजा

खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर एफीआजीने फिरणं सोडलंच होतं. मुलाने तिला ओढूनताणून तळ्यावर आणलं. नात कर्स्टी पुढे पळाली आणि ओरडली, “आजी, खांबावर हातमोजा! तिथवर चल, मग परत.” वाटेत कुणाचा हातमोजा सापडला की कुंपणाच्या खांबावर अडकवायचा, ही इथली रीतच. पुढच्या रविवारी तोच लाल मोजा बाकापाशी होता, मग पाइनच्या झाडीत, मग पुलापलीकडे. “मेला वारा भलताच द्वाड,” आजी कुरकुरायची आणि काठी टेकत तिथवर जायची. आज मोजा थेट शेवटच्या फाटकावर निघाला. “अगं आई, अख्ख्या तळ्याला फेरी झाली की तुझी!” थर्मास उघडताना मुलगा ओरडला. आजीने मोजा काढून झटकला. “इकडे ये गं, लबाडे. खिशातला हात काढ, गारठून निळा पडला असेल. मीच विणलेला मोजा मला ओळखू येणार नाही होय?”