कोरडी फरशी

नवरा रेसट्रॅकवर सरावाला गेला की माझा जीव टांगणीला लागतो. तो मात्र हसतो. "अगं, गाडी फिरली तरी घाबरायचं नाही. भिंतीकडे बघायचं नाही, जिथं पोचायचंय तिकडे बघायचं. बस्स."

आज सकाळी स्वयंपाकघरात छान ऊन आलं होतं. ठमी, आमची नऊ महिन्यांची लेक, वॉकरमध्ये बसून मजेत हिंडत होती. मी दारात उभी राहून हात पुढे केले. "ये गं बाई, ये!"

ठमी निघाली आणि मध्येच वॉकरने गरकन गिरकी घेतली. ती रडली नाही. तिने दोन्ही पाय वर उचलले आणि फिरता फिरता मान वळवून माझ्याकडेच बघत राहिली. भिंतीपाशी वॉकर अलगद थांबला.

तेवढ्यात फोन वाजला.

"आत्ताच गाडी घसरून गरकन फिरली होती गं. पण मला खरचटलंसुद्धा नाही," नवरा म्हणाला. "गंमत सांगू? भिंत दिसलीच नाही. आपल्या स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. तू हात पुढे करून उभी होतीस."

माझा जीव भांड्यात पडला. "आता घरी ये बघू."

"शेवटची एक फेरी मारतो, की आलोच." त्याने फोन ठेवला.

वॉकर कशावरून घसरला ते बघायला मी फरशीवरून हात फिरवला. ती कोरडी ठणठणीत होती.

ठमीने हळूच दोन्ही पाय वर उचलले. तिला उचलायला मी वाकले आणि थबकले. त्याची शेवटची फेरी सुरू झाली असणार. मग धावत दारात गेले, हात पुढे केले आणि हसले.

वॉकर फिरू लागला.