वळणावरचा पलंग

पलंग दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकला तो अडकलाच. वर जाईना, खाली येईना. खालच्या टोकाला खांदा लावून उभ्या असलेल्या खेळाच्या बाई घामाने निथळत होत्या, आणि गंमत म्हणजे त्यांना हसू आवरत नव्हतं.

खरं तर त्या नुसत्या चादरी द्यायला आल्या होत्या. ग्रुपवर निरोप होता: ‘आपले दोन्ही काका जोडपं आहेत हे कळल्यावर घरमालकाने त्यांना बाहेर काढलंय. नवी खोली मिळाली आहे, सामान चढवायला हात हवेत.’ बाई त्या ग्रुपवरचं सगळं गुपचूप वाचायच्या, कधी साधा अंगठासुद्धा दिला नव्हता. पिशवी दारात ठेवायची आणि हेल्मेट न काढता पळ काढायचा, असं ठरवूनच त्या निघाल्या होत्या. पण टेम्पोपाशी ग्रुपमधली कप्तान उभी होती. कप्तान बस चालवायची. घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं होतं. ‘त्यांचा जरा घोळ झाला,’ असं ती हसत सांगायची.

“चादरी राहू द्या हो,” तिने बाईंचे दंड बघितले. “हे कुठे लपवताय? धरा!”

बाईंनी धरलं. गाद्या, भांडी, शिलाई मशीन, आरसा. अनोळखी माणसं ‘सांभाळून गं’ म्हणत होती, पाणी पुढे करत होती, आणि तुम्ही कोण हे कुणीच विचारत नव्हतं. हेल्मेट कधी उतरलं ते बाईंना कळलंसुद्धा नाही. आता तर जिन्यात त्यांचाच आवाज घुमत होता. “कंबरेतून वाकू नका! गुडघ्यात बसा! हं, उचला!”

“अरे, रंग जाईल त्याचा!” वरच्या पायरीवरून धाकटे काका कळवळले.

“लग्नाच्या वयाचा झाला पलंग, कधी दिला होतास रंग?” थोरले म्हणाले. सगळा जिना हसला.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. हात पुसत एक बाई बाहेर आली. “कसला गोंधळ चाललाय?” आणि मग, “अय्या, बाई! तुम्ही?”

खेळाच्या बाईंनी तिला ओळखलं. त्यांच्या रिले संघात शेवटी पळणाऱ्या मुलीची आई. उद्या शाळेच्या फाटकात हीच भेटणार.

“हा पलंग कुणाचा?” तिने विचारलं.



“आमच्या दोघांचा,” थोरले काका म्हणाले. जुन्या घरमालकालाही त्यांनी असंच, सरळ डोळ्यांत बघून सांगितलं असणार.

तिने दोन्ही काकांकडे पाहिलं, कप्तानकडे पाहिलं आणि शेवटी नजर खाली वळवली. “आणि बाई, तुम्ही यांच्या कोण?”

ओळखीची. शेजारीण. असली उत्तरं बाईंच्या जिभेवर कायम तयार असायची. शर्यतीआधी शिट्टी फुंकताना भरून घ्यायच्या तशी त्यांनी छाती भरून घेतली.

“मी यांच्यातलीच!”

हळूच म्हणायचं होतं, पण आवाज मैदानावरचा निघाला. पार तळमजल्यावरच्या लोकांनी माना वर करून बघितलं. वरच्या टोकाला कप्तानने दोन्ही हातांनी पलंग धरलेला होता, नाहीतर तिने टाळ्याच वाजवल्या असत्या.

मुलीची आई पदर खोचून खाली वाकली आणि पलंगाखाली डोकावली.

“असा जन्मात नाही जायचा हा,” ती म्हणाली. “पाय काढावे लागतात. आमचाही तसाच आणला होता.”

आणि घराकडे तोंड करून तिने हाक मारली, “अहो, पाना आणा!”