सोन्याचं टोक

"पूस," तो म्हणाला. "माझ्यासमोर."

ती यंत्रापुढे बसली. तो तिचा नवरा आणि या प्रयोगशाळेचा प्रमुखही. घरी ती त्याला अहो म्हणायची, इथे सर. यंत्रातल्या चुंबकीय तबकडीवर त्याचाच आवाज होता, बंद दारामागचा, हात उगारण्याआधीचा. तिचा फोन तो रोज तपासायचा, म्हणून तिने तो आवाज चाचणीच्या तबकडीवर लपवला होता. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. पण हा माणूस दिव्याखालीही वाकून बघणारा निघाला.

"पुरावा आण, पुढचं मी बघते," तिची वकील ताई म्हणाली होती. आता ताईला दाखवणार काय? वळ तर केव्हाच मावळले होते.

तिने कळ दाबली. तबकडी फिरू लागली आणि किती पुसलं ते दाखवणारी पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकली.

तबकडीवरचा लोखंड-प्लॅटिनमचा थर त्यानेच घडवलेला. पाहुण्यांना तो कौतुकाने सांगायचा, "मोठं हट्टी पोर आहे. लेझरने तापवल्याशिवाय लिहूनही घेत नाही, पुसूनही देत नाही." लेझरची उष्णता थरापर्यंत पोचवायचं सोन्याचं एक टोक, डोळ्यांना न दिसणारं.

कोपऱ्यातल्या छोट्या पडद्यावर तापमानाची रेघ चढायला हवी होती. ती आडवीच होती. सोन्याचं टोक कामातून गेलं होतं. थर थंड होता, पट्टी सरकत असली तरी काहीच पुसलं जात नव्हतं.

त्याने नुसती मान वळवली असती, तर सगळं संपलं असतं. पट्टी बघून तो कंटाळला. त्याची नजर कोपऱ्याकडे निघाली.

"चुकलं माझं," ती घाईने म्हणाली. "घरातलं बाहेर आणायला नको होतं."

हे ऐकायला त्याला फार आवडायचं. तो तिच्याकडे वळला. "पुन्हा म्हण."

ती पुन्हा म्हणाली. पट्टी टोकाला पोचेपर्यंत म्हणत राहिली.

"पुसलं?"

"तुमच्यासमोरच की, सर."

तो गेला. जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत ती हलली नाही. तबकडीवरचं नुसतं वाचायला उष्णता लागत नाही. तिने हेडफोन कानाला लावला आणि कळ दाबली.

"सांग जगाला," त्याचा आवाज आला. "कोण ऐकणार आहे तुझं?"